उन्हात मोडते, उन्हातच घडते

उसाच्या लागणीनंतर सरीत ॲट्राझीन फवारतात. त्यातूनही काही तण उगवते, दोन-चार पाने टाकते, मग जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि पुढे तपकिरी होत जातात आणि रोप वाळते. हे तणनाशक प्रकाशसंश्लेषण बंद पाडते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून सहज वाटते की रोप उपासमारीने मेले असणार. पण उपाशी मरायला जेवढा वेळ लागावा, त्याच्या कितीतरी आधी ते जाते. तेच रोप अंधारात ठेवले तर बराच काळ तग धरते, आणि अंधारात तर प्रकाशसंश्लेषण मुळीच नसते. म्हणजे त्याला मारतो तो उजेड. ॲट्राझीन पानातल्या एका प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसते, उजेडातून आलेल्या ऊर्जेची पुढची वाट अडवते, आणि वाट न मिळालेली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला असे काही रूप देते की तो भोवतालची प्रथिने आणि मेदाम्ले खराब करत सुटतो.

ज्याच्या खोबणीत ॲट्राझीन बसते त्या प्रथिनाचे नाव डी-१. हे पुस्तक बहुतांशी त्याच्याबद्दल आहे. तणनाशकापासून सुरुवात केली खरी, पण तणनाशकाचे काम एवढेच की ते रोजची घटना वेगाने आणि टोकाला नेऊन दाखवते. कुठलेही रसायन न फवारलेल्या, निरोगी, पाणी मिळालेल्या पानातही उन्हात हे प्रथिन मोडतच असते. झाड हिरवे दिसते, कारण ते मोडते त्याच वेगाने नवे घडवलेही जाते.

डी-१ हे सुमारे ३५० अमिनो आम्लांचे प्रथिन. हरितलवकाच्या आत थायलॅकॉइड नावाचे पातळ पडदे असतात, त्यांतून ते पाच वेळा आरपार जाते. फोटोसिस्टीम-२ या मोठ्या प्रथिनसंचाच्या गाभ्यात डी-२ या जोडीदारासह त्याची जागा आहे. पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन मोकळा करणारी सजीवसृष्टीतली यंत्रणा ही एकच. आपण श्वासाबरोबर घेतो तो ऑक्सिजन इथूनच आलेला आहे.

हे प्रथिन शास्त्रज्ञांच्या नजरेत आले ते त्याच्या विचित्र वागण्यामुळे. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत मार्विन एडेलमन आणि त्यांचे सहकारी स्पायरोडेला या पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्या वनस्पतीवर काम करत होते. तिला किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले की ३२ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन सर्वांच्या आधी आणि सर्वांत ठळक चिन्हांकित होई. म्हणजे ते भराभर तयार होत होते. पण एकूण प्रथिनांचा हिशेब केला तर त्याचा साठा अगदी थोडा निघे. एवढे बनते आणि साठत नाही, म्हणजे तेवढेच नाहीसेही होत असले पाहिजे. त्या गटात काम केलेले अवतार मट्टू आणि एडेलमन यांनी १९८४ साली दाखवले की त्याचे हे तुटणे प्रकाशसंश्लेषणातल्या इलेक्ट्रॉनांच्या वाहतुकीशी बांधलेले आहे. दरम्यान अमेरिकेत चार्ल्स आर्नत्झेन यांच्या गटाने १९८१ मध्ये ॲट्राझीनलाच किरणोत्सारी खूण लावून ते कुठे चिकटते हे शोधले होते. ते याच ३२ किलोडाल्टनच्या प्रथिनाला चिकटत होते. ॲट्राझीनला दाद न देणारे तण १९७० मध्येच नोंदले गेले होते. १९८३ मध्ये हिर्शबर्ग आणि मॅकिंटॉश यांनी अशा तणाचे, राजगिऱ्याच्या एका भाईबंदाचे, जनुक वाचले तेव्हा डी-१ मध्ये २६४ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन आढळले. साडेतीनशेंपैकी एक अमिनो आम्ल बदलले होते आणि तेवढ्याने विष लागू पडेनासे झाले होते. १९८४ मध्येच काइल, ओहाद आणि आर्नत्झेन यांनी तिसरा धागा जोडला. प्रखर उजेडात एकपेशीय शैवालाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते तेव्हा जे निकामी होते ते हेच प्रथिन, असे त्यांनी मांडले. भराभर झिजणारे गूढ प्रथिन, तणनाशकाचे लक्ष्य आणि उन्हाचा पहिला बळी, ही तिन्ही एकच निघाली. जीवरसायनशास्त्रात असे तीन रस्ते एका दारात येऊन मिळण्याचे प्रसंग थोडे आहेत, आणि या विषयाकडे मला ओढणारा प्रसंग हाच.

उजेड जास्त झाला तर पानाचे काम बिघडते, ही गोष्ट मात्र त्याहून बरीच जुनी. आल्फ्रेड एवार्ट यांनी १८९६ मध्येच तिचे वर्णन केले होते आणि १९५६ मध्ये बेसेल कॉक यांनी तिला मोजमापाची शिस्त लावली. तरीही शाळेच्या पुस्तकापासून कृषी मेळाव्यातल्या व्याख्यानापर्यंत आपण एकच चित्र रंगवत आलो आहोत: ऊन म्हणजे झाडाचे अन्न, जितके जास्त तितके चांगले. या चित्राबद्दल माझी तक्रार आहे. ते खोटे नाही, पण त्यात अर्धी गोष्ट गाळलेली आहे आणि गाळलेला अर्धा भाग शेताच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे.

आकडे पाहू. स्वच्छ आकाशाच्या दुपारी एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडतील असे सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. भात, सोयाबीन, कापूस, आंबा यांचे एकेक पान यातला अर्धा किंवा त्याहूनही कमी उजेड कामी लावू शकते, तेही पाणी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर. ऊस, ज्वारी, मका यांची पाने अधिक पचवतात. सावलीत वाढलेल्या रोपाला १०० ते २०० मायक्रोमोलपुढचे सारे वरकड. आता हा उजेड फोटोसिस्टीम-२ च्या एका संचाच्या बाजूने पाहा. दोनशेच्या वर हरितद्रव्याचे रेणू त्याच्यासाठी उजेड गोळा करत असतात, त्यामुळे भर दुपारी त्याच्याकडे सेकंदाला हजाराच्या वर फोटॉनांची ऊर्जा येऊन पोहोचते. पुढे इलेक्ट्रॉन उचलून नेणारी यंत्रणा सेकंदाला शंभर-दोनशेच्या आसपास इलेक्ट्रॉन हलवते. उरलेली ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. बहुतांश उष्णता होऊन निघून जाते, थोडी मंद लाल प्रतिदीप्ती म्हणून बाहेर पडते. आणि जी थोडकी कुठेच जात नाही ती घात करते.

तो घात कसा होतो, हे जरा थांबून समजून घ्यायला हवे. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया तोच आहे.

हरितद्रव्याने प्रकाश शोषला की त्याची जी उत्तेजित अवस्था होते ती नॅनोसेकंदांत संपते. तेवढ्यात ऊर्जा पुढे गेली तर ठीक. गाभ्यात, पी-६८० नावाच्या हरितद्रव्यांच्या जागी, ती इलेक्ट्रॉन सोडवण्याच्या कामी येते. पुढची जागा मोकळी नसेल तर सुटलेला इलेक्ट्रॉन परत फिरतो, आणि त्या परतीच्या प्रवासात हरितद्रव्याची ट्रिप्लेट नावाची दुसरी अवस्था तयार होते. ही अवस्था दीर्घकाळ टिकते. दीर्घकाळ म्हणजे मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, पण ऑक्सिजनची गाठ पडायला तेवढा वेळ पुरतो. हवेतला साधा ऑक्सिजन स्वभावाने बराच सुस्त असतो. त्याच्या दोन इलेक्ट्रॉनांची मांडणी अशी असते की सेंद्रिय रेणूंशी त्याची अभिक्रिया सहजासहजी होत नाही. लाकूड आणि माणूस हवेत आपोआप पेट घेत नाहीत ते त्यामुळे. ट्रिप्लेट हरितद्रव्याची ऊर्जा मिळाली की ही मांडणी बदलते आणि सिंग्लेट ऑक्सिजन जन्माला येतो. पाण्यात त्याचे आयुष्य सुमारे ४ मायक्रोसेकंद. लांब जाण्याइतका वेळ त्याला नसतो, म्हणून जवळ जे सापडेल त्यावर तो तुटून पडतो. सर्वांत जवळ असते डी-१.

यावर उपाय निसर्गाकडे आहे, पानात सगळीकडे आहे, आणि नेमका गाभ्यातच तो चालत नाही. उजेड गोळा करणाऱ्या बाहेरच्या प्रथिनांत हरितद्रव्यांच्या अंगाला अंग लावून कॅरोटिनॉइडाचा रेणू बसवलेला असतो. ट्रिप्लेट तयार झाली की तो तिची ऊर्जा काढून घेतो आणि उष्णतेच्या रूपात सोडून देतो. मग हाच रक्षक पी-६८० च्या शेजारी का नाही? कारण पी-६८० चे काम पाणी फोडण्याचे आहे आणि पाणी सहजी इलेक्ट्रॉन देत नाही. ते ओढून घेण्यासाठी इलेक्ट्रॉन गमावलेल्या पी-६८० ची ओढ सुमारे १.२ व्होल्ट इतकी असते. सजीवांमध्ये माहीत असलेला हा सर्वांत जबर ऑक्सिडीकारक. त्याच्या लगत कॅरोटीन ठेवले तर पाण्याआधी कॅरोटीनचेच इलेक्ट्रॉन ओढले जातील आणि रक्षकच नष्ट होईल. म्हणून गाभ्यातले बीटा-कॅरोटीनचे दोन रेणू दूर ठेवलेले आहेत. ट्रिप्लेट थोपवणे त्यांच्या आवाक्यात नाही. सिंग्लेट ऑक्सिजन तयार झाल्यावर जमेल तेवढा शमवणे, एवढेच त्यांच्या हाती. १९९३-९४ च्या सुमारास लंडनमध्ये ॲलिसन टेल्फर आणि जेम्स बार्बर यांनी हे गाभे वेगळे काढून त्यांतून निघणारा सिंग्लेट ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला, आणि त्याच सुमारास हंगेरीतल्या सेगेडमध्ये इवा हिदेग आणि इम्रे वाश हे अख्ख्या थायलॅकॉइडांवर त्याचा माग काढत होते. पाणी फोडण्याचे सामर्थ्य आणि स्वतःचे रक्षण ही दोन्ही एका जागी नांदू शकत नाहीत, हे या प्रयोगांतून उमगते. वनस्पतींच्या पूर्वजांनी, सायनोजीवाणूंनी, सामर्थ्य निवडले. जवळपास २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन साठू लागला तो त्या निवडीमुळे, आणि त्या निवडीची किंमत आजही प्रत्येक पान रोज चुकवते आहे.

प्रथिनाचे नेमके काय बिघडते? वीस अमिनो आम्लांपैकी काहींवरच या ऑक्सिजनचा रोख असतो: ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन, टायरोसीन, मिथायोनिन, सिस्टीन. मिथायोनिनचे सल्फॉक्साइड झाले तर ते परत मूळ रूपात आणणारे विकर हरितलवकात असते, आणि सिस्टीनच्या बिघाडातला काही भाग थायोरेडॉक्सिन दुरुस्त करते. ट्रिप्टोफॅनचे तसे नाही. त्याच्या दोन कड्यांपैकी एक उघडते आणि एन-फॉर्मिलकायन्युरेनिन हे संयुग बनते. तिथून परतीची वाट नाही. जॉर्जिया टेकमधल्या ब्रिजेट बॅरी यांच्या गटाने डी-१ मध्ये आणि त्याच्या शेजारच्या सीपी-४३ मध्ये हे संयुग शोधून काढले. जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या युसुके काटो आणि वातारू साकामोतो यांचे २०२३ चे काम मला त्याहून मोलाचे वाटते. डी-१ च्या आरंभाच्या टोकाजवळ, १४ व्या जागी, एक ट्रिप्टोफॅन आहे. ते ऑक्सिडीकृत झाले की प्रथिन मोडीत काढणाऱ्या विकराला डी-१ धरणे सोपे जात असावे, असे त्यातून दिसते. म्हणजे जखम आणि जखमेची खूण एकच.

मोडीत काढणारे हे विकर म्हणजे एफटीएसएच. सहा घटकांचे कडे, पडद्यात रोवलेले. खराब झालेला डी-१ ते टोकाकडून धरून आत ओढते आणि तुकडे करते. त्याआधी निकामी संचाला थायलॅकॉइडांच्या दाट चवडींतून बाहेर, मोकळ्या भागात यावे लागते आणि सीपी-४३ बाजूला व्हावे लागते. मग रिकाम्या जागेत रायबोसोमवर विणला जात असलेला नवा डी-१ शिरतो, त्याचे शेपूट छाटले जाते, मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू पुन्हा बसवले जातात आणि संच चवडीत परततो. नांगराचा फाळ झिजला की तेवढा बदलतात, नांगर तोच राहतो. तसे वीसहून अधिक प्रथिनांच्या या संचात बदलला जातो तो मुख्यतः डी-१. प्रखर उजेडात त्याचे निम्मे रेणू बदलायला तासाच्या आतबाहेरचा वेळ पुरतो. एफटीएसएचचा एक घटक निकामी असलेले, प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीचे रोप पाहिले की या दुरुस्तीचे मोल डोळ्यांना दिसते: पानावर हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांची नक्षी उमटते, आणि प्रखर उजेडात ते रोप साध्या रोपाच्या कितीतरी आधी हार मानते.

मोडणे आणि दुरुस्ती एकाच वेळी चालू असेल तर मोडण्याचा वेग वेगळा मोजायचा कसा? त्यासाठीचा प्रयोग इतका साधा आहे की वाचकाने तो मनात उभा करून पाहावा. एकाच झाडाची दोन पाने घ्यायची. एकाचा देठ पाण्यात, दुसऱ्याचा लिंकोमायसिनच्या द्रावणात. लिंकोमायसिन हे प्रतिजैविक हरितलवकातले प्रथिनांचे विणकाम थांबवते, कारण हरितलवकाचे रायबोसोम जिवाणूंच्या घराण्यातले आहेत. दोन्ही पाने काही तास प्रखर उजेडात ठेवायची आणि प्रतिदीप्तीच्या यंत्राने फोटोसिस्टीम-२ ची क्षमता मोजायची. निरोगी पानात हा आकडा ०.८३ च्या आसपास असतो, मग ते पान कुठल्याही जातीचे असो. पाण्यातल्या पानात तो थोडा खाली येतो आणि मंद उजेडात नेले की सावरतो. लिंकोमायसिनमधल्या पानात तो उतरतच जातो आणि वर येत नाही. दोन्ही पानांवर ऊन सारखेच पडले; एकात दुरुस्ती होती, दुसऱ्यात नव्हती.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात एसा त्यूस्त्यारवी आणि इवा-मारी आरो यांनी १९९६ मध्ये भोपळ्याच्या पानांवर असाच प्रयोग केला. उजेड अगदी मंदपासून भर दुपारच्या जवळपास नेला. मोडण्याचा वेग उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत गेला आणि मंद उजेडातही तो शून्य नव्हता. अमुक एका तीव्रतेपर्यंत ऊन सुरक्षित आणि त्यापुढे घातक, अशी रेघ आखता येत नाही. ढोबळमानाने दहा लाख ते एक कोटी फोटॉनांमागे एक संच मोडतो. पान पहाटेपासून मोडत असते. दुपारी आपल्याला दिसते ती दुरुस्तीची मागे पडलेली उधारी.

इथून पुढे जाणकारांत वाद आहे, आणि पुस्तकात मी तो झाकलेला नाही. एक पक्ष म्हणतो, पहिला घाव सिंग्लेट ऑक्सिजनचा. दुसरा म्हणतो, पहिला घाव पाणी फोडणाऱ्या मँगनीजच्या पुंजक्यावर बसतो. अतिनील आणि निळा प्रकाश तो पुंजकाच शोषतो, मँगनीज सुटते आणि मग गाभा निकामी होतो. २००५ मध्ये तुर्कू आणि जपान, दोन्हीकडून याला पुष्टी देणारे काम आले. जपानमधल्या ओकाझाकी इथले नोरिओ मुराता आणि त्यांचे सहकारी योशिताका निशियामा यांनी तर ऑक्सिडीकरणाचे निशाणच वेगळे दाखवले. सायनोजीवाणूंमध्ये त्यांना आढळले की ऑक्सिजनची आक्रमक रूपे डी-१ च्या मोडतोडीपेक्षा त्याच्या नव्या विणकामावर जास्त आघात करतात: विणकामाला लागणारा ईएफ-जी हा घटक, त्यातली सिस्टीन ऑक्सिडीकृत झाल्याने, काम थांबवतो. ऊन यंत्र मोडते आणि ऑक्सिजन कारागिराचा हात धरतो. माझा कल असा की हे तिन्ही मार्ग खरे आहेत आणि त्यांचे प्रमाण प्रकाशाच्या रंगावर आणि रोपाच्या अवस्थेवर ठरत असावे. पण शेतातली दुर्दशा समजून घ्यायची तर मुरातांचा दृष्टिकोन सर्वांत जास्त कामाला येतो.

कारण त्यांनी पुढे जे मांडले ते असे: थंडी, क्षार, कार्बन डायऑक्साइडची टंचाई यांमुळे मोडण्याचा वेग फारसा वाढत नाही, दुरुस्तीचा वेग घटतो. पावसाने ओढ दिली की पान पाणी वाचवण्यासाठी छिद्रे मिटते, आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, इलेक्ट्रॉनांना वाट उरत नाही, ऑक्सिजनची घातक रूपे वाढतात आणि विणकाम मंदावते. ऊन कालच्याएवढेच असते. जळगावच्या केळीला डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींनंतर लख्ख सकाळ मिळते तेव्हा तिच्या पानांत प्रथिने विणण्याचे काम थंडीने संथ झालेले असते आणि ऊन मात्र पूर्ण भरात. ऊतिसंवर्धनाची केळीची रोपे प्रयोगशाळेच्या मंद दिव्यांतून काढून एकदम शेतात लावत नाहीत. आधी प्रायमरी हार्डनिंग, मग शेडनेटखाली सेकंडरी हार्डनिंग, असे टप्पे घेतात. या टप्प्यांचे एक कारण मुळे आणि पानाची मेणचट साय तयार होऊ देणे हे आहेच. दुसरे कारण, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो, ते हे की मंद उजेडात वाढलेल्या पानात ना वरकड ऊर्जा उधळायची पुरेशी सोय असते, ना दुरुस्तीची पुरेशी माणसे. सांगलीकडच्या पानमळ्यात शेवरी-पांगाऱ्याची सावली वेलाला का लागते, हेही याच नजरेने पाहता येते.

बचावाच्या सोयी पुस्तकात दोन प्रकरणे घेतात. इथे नुसती तोंडओळख. निळा प्रकाश वाढला की पेशीतली हरितलवके बाजूच्या भिंतींना सरकून एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. हे न जमणारी रोपे प्रखर उजेडात अधिक होरपळतात, हे मासामित्सु वादा यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले. चैत्रात पिंपळाची आणि आंब्याची पालवी तांबूस असते. कोवळ्या पानाची यंत्रणा जुळेपर्यंत तो अँथोसायनिनचा रंग काही उजेड वरच्या वर अडवतो, असे मानायला चांगला आधार आहे. मिनिटांच्या हिशेबात काम करणारी सोय व्हायोलाझँथिन या कॅरोटिनॉइडाचे झियाझँथिन करण्याची, आणि तिच्या जोडीला पीएसबीएस हे प्रथिन. दोघे मिळून वरकड ऊर्जा उष्णतेत घालवतात. त्याच्याही पलीकडे क्योतोचे कोझी असादा यांनी उलगडलेला मार्ग: इलेक्ट्रॉनांच्या वाटेवरच्या पुढच्या संचाकडून, म्हणजे फोटोसिस्टीम-१ कडून, ऑक्सिजनवर गेलेला इलेक्ट्रॉन सुपरऑक्साइड करतो, त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि क जीवनसत्त्वाच्या साहाय्याने पुन्हा पाणी. पॅराक्वाट हे तणनाशक नेमके इथे शिरते. फोटोसिस्टीम-१ चे इलेक्ट्रॉन पळवून ते ऑक्सिजनला देत राहते आणि हा मार्ग कोलमडतो. उन्हात फवारले तर काही तासांत पाने करपतात. माणसाच्या फुप्फुसांतही ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देण्याचे हेच काम करते आणि त्यावर उतारा नाही. हे वाक्य मी प्रस्तावनेतच लिहून ठेवतो, कारण हे विष घराघरांत सहज हाताशी असते.

एक प्रकरण मात्र मुळात योजलेले नव्हते आणि विषय वाचता वाचता ते लिहावेच लागले. झ्युरिकमध्ये क्लाउस आपेल यांच्या गटाने ॲराबिडॉप्सिसचे असे उत्परिवर्तित रोप शोधले, की ज्याला अंधारातून उजेडात आणले की एकदम सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतो. रोपटी मरतात. साहजिकच वाटले, ऑक्सिजनने मारली. पण २००४ मध्ये त्यांनी याच रोपातले एक्झिक्यूटर-१ हे आणखी एक जनुक बंद केले, तर सिंग्लेट ऑक्सिजन तेवढाच तयार होऊनही रोपे जगली. म्हणजे मृत्यू रासायनिक जखमेने आला नव्हता. जखमेचा निरोप ऐकून रोपाने स्वतः तो मार्ग घेतला होता. पुढे २०१९ मध्ये कळले की एक्झिक्यूटर-१ या प्रथिनातले ६४३ व्या जागेचे ट्रिप्टोफॅन सिंग्लेट ऑक्सिजनने ऑक्सिडीकृत होते आणि निरोप पोहोचायला ते व्हावेच लागते. डी-१ मध्ये जी मोडतोड, तीच इथे संदेश. प्रथिनांच्या ऑक्सिडीकरणाला सरसकट नुकसान म्हणणे मी या शोधानंतर सोडून दिले.

भारतात या विषयाची पायाभरणी करणाऱ्यांत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले प्रसन्न मोहंती यांचे नाव आदराने घ्यायला हवे. इलिनॉयमध्ये प्रकाशसंश्लेषणाचे अभ्यासक गोविंदजी यांच्याकडे शिकून ते परतले आणि ताणाखालच्या प्रकाशसंश्लेषणावर काम करणारी एक पिढी त्यांनी घडवली. मराठीत मात्र या विषयावर सलग असे फारसे लिहिले गेलेले नाही, आणि त्यामुळे शेतकऱ्यापुढे प्रश्न चुकीच्या रूपात जातो. डाळिंबाला उन्हाचे चट्टे पडले, द्राक्षाला सनबर्न झाला, की सगळे खापर तापमानावर फोडले जाते. उष्णता त्यात असतेच, पण त्याच तापमानात सावलीतले फळ वाचते. केओलिनची पांढरी फवारणी किंवा फळांवरचे आच्छादन उपयोगी पडते ते उष्णता आणि उजेड दोन्ही कमी केल्यामुळे. कुठला वाटा किती, हे कळले तर फवारणी कधी आणि कुठल्या बाजूने करायची हेही ठरवता येईल.

शेवटी एक चालू प्रश्न, ज्याचा आपल्या शेताशी थेट संबंध आहे. ऊर्जा उष्णतेत उधळण्याची पानाची सोय चालू व्हायला मिनिटे लागतात आणि बंद व्हायला त्याहून जास्त. ढग येऊन ऊन मंदावले तरी पान काही काळ ऊर्जा फेकतच राहते. हा अपव्यय कमी करण्यासाठी २०१६ मध्ये तंबाखूत तीन जनुकांची मात्रा वाढवली गेली. सोय लवकर बंद होऊ लागली आणि शेतातल्या रोपांचे वजन सुमारे १५ टक्के वाढले. २०२२ मध्ये हेच सोयाबीनवर इलिनॉयमध्ये केले, तेव्हा जनुकबदल केलेल्या काही वंशांत दाण्यांचे उत्पन्न ३३ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. आणि ॲराबिडॉप्सिसमध्ये २०२० साली तशीच रचना केली तर वाढ उलट खुंटली. मराठवाडा आणि विदर्भातले सोयाबीन ढगाळ पावसाळ्यात वाढते, म्हणजे वरवर पाहता ही सुधारणा इथे फार उपयोगी. पण हेच पीक फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पावसाच्या खंडातही सापडते, आणि तेव्हा स्वच्छ उन्हात, मिटलेल्या छिद्रांच्या पानाला हीच उधळण वाचवत असते. इलिनॉयचा आकडा उचलून इथे लावण्यात मला धोका दिसतो. अशा जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही, पण आपल्याकडच्या वाणांतही ही सोय बंद होण्याच्या वेगात फरक असणारच, आणि तो पैदासकारांना आजही वापरता येईल. त्यासाठी इथल्या काळ्या जमिनीवर, कोरडवाहू रानात, खंडाच्या दिवसांत दुपारी आणि पुन्हा सूर्यास्तानंतर पानांच्या प्रतिदीप्तीचे आकडे घ्यावे लागतील. दुपारी पडलेला आकडा रात्रीपर्यंत सावरतो की नाही, यावरून ते वाण उन्हात फक्त मोडते आहे की घडतेही आहे, हे ओळखता येईल.